यू.के.: आधी चौघांची तबकडी की तिघांची?

यू.के. या इंग्लिश रॉक बँडचं मूळ आयुष्य १९७७ ते १९८०. स्टुडिओतले अल्बम दोनच, त्यामुळे कुठला घ्यावा हा प्रश्न पडायलाच नको. तरी पडतो, कारण पहिला अल्बम चौघांचा, दुसरा तिघांचा, आणि दोन्हींत असलेली माणसं फक्त दोन: गायक-बेसवादक जॉन वेटन आणि कीबोर्ड व व्हायोलिन वाजवणारा एडी जॉब्सन.

पहिला अल्बम १९७८चा, नाव बँडचंच, ‘यू.के.’. ड्रम्सवर बिल ब्रूफर्ड, गिटारवर अ‍ॅलन होल्ड्सवर्थ. वेटन-ब्रूफर्ड जोडी किंग क्रिम्झन या रॉक बँडमध्ये १९७२ ते ७४ एकत्र वाजवून मुरलेली. जॉब्सन कर्व्ह्ड एअर, रॉक्सी म्युझिक आणि फ्रँक झॅपाचा बँड करून आलेला. अशी माणसं एकत्र आली की प्रत्येक जण आपलंच घोडं पुढे दामटतो. इथे तसं झालेलं नाही.

‘इन द डेड ऑफ नाइट’ हे सुरुवातीचं गाणं सात मात्रांचं आहे. पहिल्याच फेरीत सम सापडली नाही तर बिचकू नका, ती लपवलेलीच आहे. सात आकडे मनात मोजत राहा, रूपक तालातली खाली मात्र इथे शोधू नका. याच गाण्यात होल्ड्सवर्थचा गाजलेला सोलो येतो. तो प्रत्येक स्वर वेगळा छेडत नाही. डाव्या हाताच्या बोटांनीच स्वर एकमेकांत ओवत जातो, म्हणून गिटार सॅक्सोफोनसारखी वाहते. गिटार शिकणाऱ्याने अल्बम निवडायचा तर प्रश्न इथेच मिटतो.

पुढची दोन गाणी याच गाण्याला जोडलेली आहेत. ‘अलास्का’सुद्धा न थांबता ‘टाइम टू किल’मध्ये शिरतं. त्यामुळे अ‍ॅपवर शफल बंद आणि गॅपलेस (दोन गाण्यांमधला खंड काढणारी सोय) चालू ठेवा, नाहीतर ऐन सांध्यावर खड्डा पडतो. ‘अलास्का’ची सुरुवात फोनच्या स्पीकरवर जवळजवळ ऐकूच येत नाही. तो खर्ज यामाहा सीएस-८० या सिंथेसायझरचा आहे. एका वेळी आठ स्वर देणारं हे धूड साधारण १०० किलोंचं, आणि तापमान बदललं की सुरातून उतरणारं. हेडफोन लावूनच ऐका. त्यापुढे ‘नेव्हरमोर’ आणि ‘मेंटल मेडिकेशन’मध्ये जॅझचा रंग गडद होतो. गाण्याची चाल धरून ऐकणारे बहुतेक इथेच गळतात.

फूटही याच रंगावरून पडली. ब्रूफर्ड आणि होल्ड्सवर्थ यांचा ओढा उत्स्फूर्त वादनाकडे. रोज रात्री तोच सोलो तसाच वाजवणं होल्ड्सवर्थला जमणारं नव्हतं आणि पटणारंही नव्हतं. वेटन-जॉब्सनना बांधीव रचना हव्या होत्या. १९७८ संपण्याआधीच चौकडी मोडली.

‘डेंजर मनी’ १९७९चा. गिटारवादकाची जागा भरलीच नाही. ड्रम्सवर टेरी बोझिओ आला, तोही झॅपाच्या बँडमधून. गिटार गेल्यामुळे मोकळी झालेली जागा जॉब्सनच्या हॅमंड ऑर्गनने आणि व्हायोलिनने व्यापली, आणि वेटनचा आवाज पुढे आला. ‘रॉन्देव्हू ६:०२’ हे पाच मिनिटांचं गाणं लंडनच्या वॉटर्लू स्टेशनकडे नेतं. आमच्या मते दोन्ही अल्बम मिळून सर्वांत नेटकं गाणं हेच. ‘नथिंग टू लूज’ चार मिनिटांचं, सरळ रेडिओच्या मापाचं. वेटनने १९८२मध्ये एशिया बँडबरोबर जे केलं त्याची चाहूल यात लागते. उलट शेवटचं ‘कॅरिइंग नो क्रॉस’ बारा मिनिटांच्या वर जातं, आणि त्याचा मधला वादनाचा भाग हे जॉब्सनचं राज्य. एकाला गाणी आखूड हवीत, दुसऱ्याला वादन लांब हवं, हे भांडण अल्बममध्येच ऐकू येतं. १९८०मध्ये बँड त्याच मुद्द्यावर संपला.

बोझिओ की ब्रूफर्ड, असा वाद नेहमी रंगतो. ब्रूफर्डचा स्नेअर ड्रम टणत्कारी, आणि तो ठोका अपेक्षेच्या जरा बाजूला टाकतो. बोझिओ जोरकस आणि भरगच्च. निवाडा स्वतः करायचा असेल तर चौकडीचं १९७८मधलं बॉस्टनचं मैफलीचं ध्वनिमुद्रण मिळवा. ‘डेंजर मनी’तली काही गाणी तेव्हाच वाजवली जात होती. तीच गाणी दोन्ही ड्रमरांकडून ऐकता येतात. होल्ड्सवर्थची गिटार असलेलं ‘सीझर्स पॅलेस ब्लूज’ तर वेगळंच गाणं वाटतं.

‘नाइट आफ्टर नाइट’ हा १९७९चा टोकियोतला लाइव्ह अल्बम. दोन्ही अल्बममधली गाणी त्यात आहेत, पण वाजवतात तिघेच. तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ‘इन द डेड ऑफ नाइट’मध्ये गिटार असते हे कळतच नाही. म्हणून स्वस्त मिळाला तरी सुरुवात याच्यापासून नको. शीर्षकगीत आणि ‘अ‍ॅज लाँग अ‍ॅज यू वाँट मी हिअर’ ही दोन गाणी मात्र स्टुडिओ अल्बममध्ये नाहीत.

थोडक्यात वाटणी अशी: जॅझ किंवा गिटार आवडत असेल तर ‘यू.के.’, एशिया किंवा एमर्सन, लेक अँड पामर या कीबोर्डप्रधान त्रिकुटाकडून येत असाल तर ‘डेंजर मनी’. ‘मेंटल मेडिकेशन’च सगळ्यात आवडलं, तर पुढची खरेदी यू.के.ची नकोच. ब्रूफर्डचा १९७९चा ‘वन ऑफ अ काइंड’ घ्या, होल्ड्सवर्थ तिथे आहे.

शोधताना नाव आडवं येतं. नुसती दोन अक्षरं टाकली की देशभराचं संगीत समोर येतं, आणि यू.के. सब्स हा पंक बँडही मध्येच डोकावतो. ‘डेंजर मनी’ किंवा जॉब्सनचं नाव टाकून शोधा. आणि २०१६चा १८ चकत्यांचा संच (१४ सीडी, ४ ब्लू-रे) कुठे दिसला, तर दोन्ही स्टुडिओ अल्बम तोंडपाठ होईपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका.