सेलेरियो घ्यायची का? बेळगावच्या गल्ल्या, घाट आणि बजेट बघून सांगतो

सरळ सांगतो, बेळगावात राहून रोज ऑफिस, शाळा, बाजार एवढंच फिरणाऱ्या चौघांच्या घराला मारुतीची नवी सेलेरियो ही आत्ता मिळणाऱ्या छोट्या गाड्यांमधली सगळ्यात शहाणी खरेदी आहे असं माझं ठाम मत आहे. पण तुम्ही दर पंधरा दिवसांनी पाच जण भरून चोर्ला घाटाने गोव्याला उतरणार असाल किंवा रात्रीचं हायवे ड्रायव्हिंग जास्त असेल, तर टाटाची टियागो चालवून बघितल्याशिवाय पैसे भरू नका. आमच्या घरी सेलेरियो एएमटी, म्हणजे क्लच नसलेली, गिअर आपोआप टाकणारी आहे, घ्यायच्या आधी वॅगनआर, टियागो, अल्टो के१० सगळ्या चालवून झाल्यात, आणि आता गल्लीतले, ऑफिसातले, पाहुण्यांतले बरेच जण विचारालेत की कशी आहे गाडी, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी पैशाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि वरचा सेसही गेला, त्यामुळे सेलेरियोची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ५.६४ लाखावरून ४.७० लाखाच्या आसपास आली. हा फरक लहान नाही, खालचं मॉडेल घ्यायच्या बजेटमध्ये मधलं बसायला लागलं. पण आपल्याकडे खरा धक्का बसतो तो रोड टॅक्सला. कर्नाटकात ५ लाखापर्यंतच्या गाडीला १३ टक्के, ५ ते १० लाखाच्या गाडीला १४ टक्के लाइफटाइम टॅक्स आणि त्यावर परत सेस, आणि तिकडे महाराष्ट्रात १० लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. मग निपाणी-चिकोडीपासून बेळगावपर्यंत प्रत्येक घरात कुणीतरी मामा किंवा भाऊजी म्हणतातच, कोल्हापुरात पाहुण्यांच्या पत्त्यावर घे की, एमएच-०९ पासिंग करू. हे करू नका. गाडी कायम इकडे चालणार असेल तर इकडचा टॅक्स भरावाच लागतो, मग तिकडचा टॅक्स परत मिळवायचे अर्ज, एनओसी, आरटीओच्या फेऱ्या, आणि तोपर्यंत चेकिंगला थांबवलं की प्रत्येक वेळी कागद दाखवत बसायचं. दोन-चार टक्क्यांसाठी एवढी उलाढाल कशाला, केए-२२ नाहीतर केए-२३, जिथं राहता तिथलं पासिंग घ्या आणि निवांत राहा.

आता गाडी. सेलेरियोची लांबी ३६९५ मिलिमीटर आणि रुंदी १६५५ मिलिमीटर, आणि मला विचाराल तर आपल्या गावासाठी या दोन आकड्यांना सगळ्यात जास्त मार्क. शहापूर, वडगाव, अनगोळच्या जुन्या गल्ल्या आठवा, एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला दारापुढच्या पायऱ्या, मध्ये लावलेल्या दोन-तीन ऍक्टिव्हा आणि समोरून भाजीचा टेम्पो. तिथं स्विफ्ट १७३५ मिलिमीटरची, म्हणजे सेलेरियोपेक्षा आठ सेंटीमीटर रुंद, आणि ते आठ सेंटीमीटर कागदावर काहीच वाटत नाहीत पण आरसे मिटून गाडी काढायची वेळ आली की कळतात. टियागो १६७७, तीही चालते. वॅगनआर १६२० मिलिमीटर, ती याहून अरुंद आहे आणि उंची १६७५ असल्यामुळे ज्यांच्या घरी गुडघेदुखीवाले आई-बाबा आहेत त्यांनी पहिल्यांदा वॅगनआरमध्येच त्यांना बसवून बघावं, खुर्चीवर बसल्यासारखं सरळ बसता येतं, वाकावं लागत नाही. आमच्या बाबांना सेलेरियोतही चढ-उतार जमते म्हणून आम्ही तिकडे गेलो नाही. अल्टो के१० सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अरुंद, पण मागं तीन मोठी माणसं बसवायची गाडी ती नव्हे, आणि डिकी २१४ लिटर म्हणजे लग्नाला जायचं तर बॅगा मांडीवर.

इंजिन ९९८ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ६७ पीएस ताकद आणि ८९ एनएम टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर. तीन सिलिंडर म्हणजे गाडी उभी असताना सीटला बारीक थरथर जाणवणारच, या साईजच्या बऱ्याच गाड्यांत ती असते, टियागोतही तीन सिलिंडरच आहेत. चालायला लागली की ती जाते. गाडीचं वजन साधारण ८०० ते ८२५ किलो, म्हणून शहरात एवढं छोटं इंजिनसुद्धा पटकन उचलतं, आणि याच हलकेपणामुळे मायलेज मिळतं. कंपनी एएमटीच्या एका मॉडेलला लिटरला २६.६८ किलोमीटर सांगते, मॅन्युअलला २५ च्या थोडं वर. तेवढं रोजच्या रस्त्यावर पडत नाही. आमच्या गाडीला खडेबाजार, गणपत गल्ली, कॅम्प, काँग्रेस रोड असं फिरून एसी चालू ठेवून १८-१९ पडतं, आणि निपाणीकडे हायवेला ८०-८५ च्या स्पीडने नेली तर २२-२३. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आपल्या भागातल्या ऊसवाल्यांना ते सांगायला नको, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असल्यामुळे मायलेज थोडं खाली येतंच. मारुतीने एप्रिल २०२३ पासून गाड्या या २० टक्केवाल्या ई-२० पेट्रोलसाठी तयार करून दिल्यात, त्यामुळे नवीन गाडी घेणाऱ्याला इंजिनची भीती नको. सेकंडहँड बघत असाल तर कुठल्या महिन्यात बनली ते मात्र बघून घ्या.

एक गोष्ट मला मनापासून आवडली ती म्हणजे गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होणं आणि ब्रेक सोडला की परत चालू होणं. ज्यांची टिळकवाडीतल्या रेल्वे गेटवर रोजची सकाळ जाते त्यांना याची किंमत कळेल. गेट पडलं, एक गाडी गेली, आता उघडणार म्हणून सगळे किक मारतात तोवर दुसरीकडून मालगाडी. तेवढा वेळ इंजिन फुकट धडधडत नाही, धूर नाही, आवाज नाही. ज्यांना नको असेल त्यांना बटण आहे बंद करायला, बरेच लोक ते कायमचं बंद करून ठेवतात, मी म्हणतो चालू ठेवा.

एएमटीबद्दल जरा जास्त लिहितो कारण प्रश्न त्यावरच जास्त येतात. भारतात एएमटी पहिल्यांदा आली तीच सेलेरियोत, २०१४ साली, म्हणजे जुन्या मॉडेलमध्ये, आणि आत्ताचं मॉडेल नोव्हेंबर २०२१ चं. एएमटी म्हणजे आत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करतं, म्हणून ती स्वस्त आहे आणि मायलेजही जात नाही. पण गिअर बदलताना अर्धा सेकंद गाडी दम घेते आणि मान किंचित पुढं जाते. पाय ऍक्सिलरेटरवर दाबून धरणाऱ्याला हा झटका जास्त लागतो, गिअर पडताना पाय थोडा सैल सोडला की जवळजवळ जाणवत नाही, आठवड्याभरात सवय होते. माझ्या मिसेस शाळेत शिक्षिका आहेत, मॅन्युअल गाडीत क्लचच्या टेन्शनने त्या कधी बाजारात जायच्या नाहीत, आता स्वतः गाडी काढून रविवार पेठेत जाऊन किराणा घेऊन येतात, कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या चढावर ट्रॅफिकमध्ये थांबायला लागलं तरी घाबरत नाहीत कारण एएमटीला हिल होल्ड आहे, ब्रेकवरून पाय काढला तरी दोन सेकंद गाडी मागं येत नाही. घरात कुणी नव्याने शिकणार असेल, मग ती सून असो, मुलगी असो की रिटायर झालेले काका, तर वरचे पैसे एएमटीतच घाला, अलॉय व्हील आणि मोठ्या टचस्क्रीनमध्ये नको. घरातलं आणखी एक माणूस गाडी घेऊन बाहेर पडायला लागतं, याच्याइतकं मोठं फीचर दुसरं कुठलं मला तरी दिसत नाही.

आता घाट. हायवेचा तवंदी घाट आणि वंटमुरीचा चढ सेलेरियोला काहीच अवघड नाही, चौघे बसून एसी लावूनही नीट चढते. तपासायचं ते चोर्ल्यात, नाहीतर आंबोलीत. जांबोटी, कणकुंबी सोडून पुढं गेलं की खाली उतरताना एएमटी डी मध्ये, म्हणजे आपोआप गिअरवर ठेवून नुसत्या ब्रेकवर उतरू नका, गिअरचा दांडा एम मध्ये, म्हणजे हाताने गिअर टाकायच्या जागी घ्या आणि दुसऱ्या गिअरवर इंजिनच्या जोरावर उतरवा, ब्रेक गरम होत नाहीत. परत येताना पाच जण, डिकीत सामान आणि पुढं रडतखडत चढणारा ट्रक असेल तर ओव्हरटेक सोडून द्या. ८९ एनएममध्ये वळणावर ट्रक मागं टाकण्याएवढा जोर नाही, एएमटीला खालचा गिअर टाकायला लागणारा वेळ त्यात आणखी भर घालतो. टियागोचं १.२ लिटरचं इंजिन ८६ पीएस आणि ११३ एनएमचं आहे आणि घाटात तो फरक पहिल्या चढालाच कळतो. त्या बदल्यात तिचं वजन जास्त, कंपनीचाच मायलेजचा आकडा २० च्या आसपास. वर्षातून दोन-तीनदा गोव्याला जाणाऱ्याने या एका गोष्टीसाठी रोजचं मायलेज सोडू नये, पण धंद्याच्या निमित्ताने सारखं फोंडा-पणजी करणाऱ्याने जरूर सोडावं.

डिकी ३१३ लिटरची आहे, या साईजला भरपूर. खानापूर तालुक्यातल्या गावाकडनं येताना तांदळाच्या दोन पिशव्या, नारळ, आणि काकींनी दिलेलं लोणच्याचं डबडं असं सगळं बसतं आणि मागची सीट रिकामी राहते. फक्त डिकीची कड जरा उंच आहे, जड पोतं उचलून वरनं आत ठेवावं लागतं, सरकवता येत नाही. आणि इथंच सीएनजीचा मुद्दा येतो. सेलेरियो सीएनजीला किलोला ३४.४३ किलोमीटर सांगतात, शहरात सीएनजी मिळतो, रोजचं रनिंग ५०-६० किलोमीटरच्या वर असेल, उद्यमबाग, मच्छे, नाहीतर हत्तरगीच्या बाजूला रोज जाणं-येणं असेल तर हिशोब जुळतो. पण ६० लिटरची टाकी डिकीतच असते, मग पोतं ठेवायचं कुठं. ताकदही ५७ पीएसवर येते, आणि सेलेरियो सीएनजीमध्ये एएमटी मिळत नाही. टाटाने यावर दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवायची आयडिया केली, त्यामुळे वर सामानाला जागा राहते, आणि फेब्रुवारी २०२४ पासून टियागो सीएनजीत एएमटीसुद्धा देतात. सीएनजीच घ्यायची ठरली असेल तर माझं मत टियागोला.

सेफ्टीवर लोकांची भांडणं होतात, त्यात मला पडायचं नाही पण लपवायचंही नाही. २०२५ पासून सेलेरियोच्या सगळ्या मॉडेलला ६ एअरबॅग मिळतात, खालच्या मॉडेललाही, ही खरंच मोठी गोष्ट आहे. पण एअरबॅग वेगळ्या आणि गाडीचा सांगाडा वेगळा. टियागोला २०२० साली ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून तपासणाऱ्या संस्थेच्या टेस्टमध्ये मोठ्या माणसांच्या सेफ्टीसाठी ४ स्टार मिळाले होते, तेही दोनच एअरबॅग असताना. वॅगनआरला त्याच संस्थेने २०२३ मध्ये १ स्टार दिला, अर्थात तेव्हा तिलाही दोनच होत्या. सेलेरियोचं दार लावताना हलकं लागतं, बॉनेट हलकं लागतं, आणि १०० च्या वर हायवेला आडवा वारा आला की स्टेअरिंग घट्ट धरावंसं वाटतं. म्हणून आमच्या घरी नियम आहे, हायवेला ९० च्या वर जायचं नाही आणि मागच्यांनीही बेल्ट लावायचा, अगदी हलगा ते बेळगाव असलं तरी.

रात्रीचं सांगायचं तर हेडलाईट साधे हॅलोजन आहेत, गावात चालतात, पण कारखाने सुरू झाले की संकेश्वर-निपाणी-चिकोडी पट्ट्यात मागं लाईट नसलेल्या, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ऊसाच्या ट्रॅक्टरमागं तुम्ही अंधारात कधी येऊन पोचाल सांगता येत नाही. त्या सीझनला रात्री या गाडीने स्पीड कमीच ठेवा. बाहेरून भलते पांढरे एलईडी बसवून समोरच्याचे डोळे दिपवू नका, वायरिंग कापलं तर वॉरंटीचाही प्रश्न येतो. पावसाळ्यात मात्र गाडी बरी वाटते, १७० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्समुळे गल्लीतले उंच स्पीडब्रेकर आणि खड्डे खाली घासत नाहीत. आपल्याकडे पाऊस लागला की चार-चार दिवस थांबत नाही, त्यामुळे मागच्या काचेला वायपर आणि काचेवरची वाफ घालवणारा डिफॉगर असलेलं मॉडेल शक्यतो घ्या, त्याच्याशिवाय मागचं काही दिसत नाही.

मॉडेलचं म्हणाल तर सगळ्यात खालचं एलएक्सआय टॅक्सीवाल्यांसाठी ठीक, घरच्या माणसाने व्हीएक्सआय एएमटी किंवा जमलं तर झेडएक्सआय एएमटी बघावी. झेडएक्सआय प्लसला १५ इंची चाकं येतात, दिसायला झकास, पण टायर बदलायची वेळ आली की १४ इंची स्वस्त पडतात आणि त्यांची रबराची भिंत जाड असल्यामुळे खड्ड्यात आदळणंही कमी होतं. बुकिंगला जाताना ऑन-रोड किमतीची फोड कागदावर मागून घ्या. आम्हाला एका शोरूममध्ये इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागतो असं सांगितलं, तसा काही नियम नाही, त्याच कव्हरचं दुसऱ्या कंपनीचं कोटेशन दाखवलं की तेही कमी करतात. टेस्ट ड्राईव्हला एकटे जाऊ नका, घरातली सगळी जेवढी माणसं रोज बसणार तेवढी घेऊन जा, शोरूमच्या पुढच्या सपाट रस्त्यावर फिरवून आणतात त्यावर गप्प बसू नका, हायवेला काकतीच्या पुढं वंटमुरीचा चढ एसी लावून चढवायला सांगा, आणि परत येताना तुमच्याच गल्लीत आणून तुमच्या दारात लावून बघा.