मालदीवचं वॉटर व्हिला पॅकेज: सीप्लेन घ्यावं का?

समुद्रावरचा व्हिला, पायऱ्या उतरलं की थेट निळं पाणी. यासाठी मालदीवला पूर्ण गुण. पण पॅकेज ठरवताना व्हिलाच्या फोटोंआधी माले विमानतळावरून पुढचा प्रवास बघा. सीप्लेन म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, ते फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान दुपारी साडेतीननंतर उतरत असेल, तर बहुधा ती रात्र माले किंवा विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर काढावी लागते आणि महागड्या व्हिलाची एक रात्र फुकट जाते. त्यामुळे मुंबईहून संध्याकाळी पोहोचणाऱ्यांनी स्पीडबोटीने जाता येईल असं रिसॉर्टच घ्यावं. सीप्लेनमध्ये सामान साधारण 20 किलो आणि हातातलं 5 किलो, त्यावर जादा पैसे. वरून दिसणारी प्रवाळबेटं मात्र अप्रतिम!

दरापुढे '++' दिसलं तर थांबा. त्यावर 10 टक्के सेवा शुल्क आणि मग 17 टक्के पर्यटन जीएसटी लागतो, म्हणजे 500 डॉलरची खोली सुमारे 643 ला पडते. शिवाय रिसॉर्टमध्ये माणशी रोज 12 डॉलर हरित कर. सीप्लेनचं भाडं पॅकेजमध्ये आहे का, हे लेखी विचारा.

बेटावर दुसरं हॉटेल नसतं, म्हणून नुसत्या नाश्त्याचं पॅकेज घेऊ नका. निदान हाफ बोर्ड, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण, हवंच. शाकाहारी, जैन जेवणाचं बुकिंगच्या वेळीच कळवा.

जानेवारी ते एप्रिल हवा कोरडी, दरही चढे. भारतीयांना पर्यटक व्हिसा तिथेच मोफत मिळतो. 'इमुगा' हा प्रवाशाच्या माहितीचा अर्ज मात्र प्रवासाआधीच्या 96 तासांत ऑनलाइन भरायचा, तोही मोफत. दारू सोबत नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.