हवा भरायची कयाक आणि भाट्याची खाडी : दिवाळी ते मे

रत्नागिरीत फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने कयाक, म्हणजे वल्हवायची छोटी होडी, घ्यायची म्हटली की ती ठेवायची कुठे, इथूनच घोडं अडतं. कडक प्लास्टिकची पंचवीस-तीस किलोची असते, गाडीला कॅरिअर लागतो, आणि पार्किंगमध्ये ठेवली तर सोसायटीतली पोरं तिचं काय करतील ते सांगायला नको. म्हणून मी हवा भरायची, दोन जणांची घेतली. दिवाळीनंतर घेतली, आता मे संपत आलाय. पावसाळ्यासाठी गुंडाळून ठेवण्याआधी लिहून टाकतो.

लांबी ३१२ सेंटिमीटर, रुंदी ९१, लिहिलेली क्षमता १८० किलो. दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि तळ असे हवेचे तीन स्वतंत्र कप्पे, म्हणजे एक गेला तरी बाकीचे दोन तारून नेतात. सोबत पंप, अ‍ॅल्युमिनियमची दोन वल्ही, फुगवायच्या दोन बैठका आणि मागे तळाला बसवायचं प्लास्टिकचं पातं. हे पातं बिनकामाचं वाटतं, पण ते नसलं तर दर वल्ह्याला होडीचं तोंड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरतं आणि निम्मी ताकद सरळ राहण्यातच जाते.

‘दोन जणांची’ हे मात्र एसटीच्या बाकावरच्या तिसऱ्या सीटसारखं आहे. आम्ही नवरा-बायको मिळून दीडशे किलोच्या आत आहोत, तरी पाणी आणि डबा ठेवला की पाय कुठे घालायचे ते कळत नाही. एकट्याला ऐसपैस. पुढची बैठक काढायची, मागची थोडी मधे सरकवायची, झालं.

रुंदीमुळे ती सहजासहजी उलटत नाही. तरी सुरुवातीलाच कंबरभर पाण्यात मुद्दाम पडून परत चढायचा सराव करून घ्या. नळीवर पोट टेकायचं, पाय मारत आडवंच आत घुसायचं आणि मग वळून बसायचं. गुडघा आधी वर घ्यायला गेलात की पुन्हा पाण्यात. लाइफ जॅकेट घालून हे जमतं का तेही तेव्हाच कळतं. जॅकेट मापाचं हवं. खांद्याला धरून वर ओढलं आणि हनुवटीपर्यंत आलं, तर ते तुमचं नाही.

आता मुख्य गोष्ट, वारा. ही होडी पाण्यावर बसते, पाण्यात बसत नाही. वजन कमी आणि नळ्या उंच, त्यामुळे वारा तिला कागदासारखी ढकलतो. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा पडलेला असतो तेव्हा खाडी ताटात ओतल्यागत सपाट असते. साडेदहा-अकरानंतर समुद्रावरून खारा वारा सुटला की तीच खाडी वेगळी. त्यात ओहोटी लागलेली असेल तर पाणी समुद्राकडे आणि वारा आत, मग जवळजवळ उभ्या आखूड लाटा उठतात. तुम्ही वल्हवताय आणि काठावरचा माड तिथल्या तिथे.

म्हणून मी तारीख बघून नाही, तिथी बघून जातो. इथे पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकणाऱ्या कुणालाही विचारा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अंदाजच हा, भरतीचं कोष्टक बघायचंच, आणि खाडीत आत जावं तशी भरती उशिराने पोचते. पण आठवडाभर आधी रविवार ठरवायला हा हिशेब पुरतो. नवशिक्याला सगळ्यात सोयीची दशमी ते द्वादशी. उजाडताना निघायचं, चढत्या पाण्यावर, या खाडीला मिळणाऱ्या काजळी नदीत वर जायचं, भरती भरली की जरा थांबायचं आणि उतरत्या पाण्यावर वारा सुटायच्या आत परत. शिवाय भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात कमी असण्याचे दिवस मागे पडून थोडेच झालेले असतात, ओढ बेताची असते. पौर्णिमा-अमावास्येला भरती भर अकराच्या सुमारास येते, म्हणजे परतीला उधाणाची ओहोटी आणि समोरून वारा. ते दिवस मी सोडून देतो. पुलाच्या खाली मुखाकडे तर जातच नाही, तिथे मच्छीमारांच्या होड्यांची ये-जा असते.

वर कांदळवनात मात्र ही होडी पैसे वसूल करते. वीतभर पाण्यातून सरकते, आवाज नाही, खंड्या अगदी जवळ येईस्तोवर उडत नाही. फक्त मुळांवर आणि खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. तिथे काठाला घासायचं नाही आणि उतरताना पायात बूट हवेत.

तक्रारी दोन. सोबतचं वल्हं २१८ सेंटिमीटरचं, एवढ्या रुंद होडीला आखूड. बोटांची पेरं नळीवर घासतात आणि दांड्यावरून पाणी मांडीत गळतं. मी २४० सेंटिमीटरचं वेगळं घेतलं, लगेच फरक पडला. दुसरी, एका बाजूची नळी जानेवारीपासून हळूहळू बसायला लागली. साबणाचं पाणी लावल्यावर शिवणीजवळ बुडबुडे दिसले. विक्रेत्याने ‘वापरामुळे झालं’ म्हणून हात वर केले. सोबतचं ठिगळ उन्हात सुटलं, शेवटी पीव्हीसीचा गोंद मागवून चिकटवलं. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन रबरासाठी असतं, यावर टिकत नाही. उन्हात काठावर ठेवताना थोडी हवा सोडून ठेवायची, नाहीतर आतली हवा तापून शिवणीवर ताण येतो.

आणि खरा जाच घरी आल्यावर. गोड्या पाण्याने धुवायची, तळ आणि नळीच्या खाचेतली रेती काढायची, उलटीपालटी करून सावलीत वाळवायची. वल्हवण्याला दोन तास, तर यालाही जवळपास तेवढेच. घरात गच्ची नसेल तर घेण्याआधी दहादा विचार करा. अंगण असेल आणि गाडीवर कॅरिअर बसत असेल, तर थोडे जास्त पैसे घालून कडक प्लास्टिकचीच घ्या, वाऱ्यात ती पुष्कळ बरी चालते.

माझी आता पूर्ण वाळवून, शंखजिरं लावून, सैल गुंडाळून कपाटात जाईल. माळ्यावर नको, तिथे उंदीर आहेत. खाडीला लाल पाणी आलं की नवरात्रापर्यंत तिकडे फिरकायचं नाही.