रायझन ७८००एक्स३डी की आय७-१४७००के?

जुळे सोलापुरातला भाचा महिनाभर एकाच प्रश्नावर अडलाय, "मामा, कॉम्प्युटरला प्रोसेसर एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी घेऊ की इंटेलचा कोअर आय७-१४७००के?" दिवसा लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो, रात्री गेम.

गेमला रायझनच. कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आठच, पण एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी, ९६ एमबी, त्यामुळे लागणारा डेटा रॅमपर्यंत न जाता हाताशी मिळतो. आय७ची कॅश ३३ एमबी.

एडिटिंगला पारडं फिरतं. आय७मध्ये २० कोअर, २८ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), शिवाय कॅमेऱ्याचं एच.२६५ पद्धतीनं दाबलेलं फुटेज सफाईनं हाताळणारी चिपमधली सोय, क्विक सिंक.

पण वीज! आय७ पूर्ण भारावर २५३ वॅटपर्यंत खातो, रायझनचा टीडीपी, म्हणजे कंपनीने दिलेला उष्णतेचा आकडा, १२० वॅट. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत हा फरक अंगाला जाणवतो. आय७सोबत दमदार कूलरचा खर्च धराच. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या (हा आय७ १४वीतला) प्रोसेसरांच्या बिघाडावर कंपनीने २०२४मध्ये मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, दिला, तेव्हा बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट आधी. आय७ मदरबोर्डवर ज्यात बसतो, त्या एलजीए १७०० सॉकेटचा रस्ता इथेच संपतो. रायझनच्या एएम५ सॉकेटवर पुढच्या पिढीचा ९८००एक्स३डीही बसतो.

पोट एडिटिंगवर असेल तर आय७, कूलरसकट. गेम रोज नि एडिटिंग अधूनमधून, तर रायझन. भाच्याचं पोट लग्नसराईवर, खोली मात्र पत्र्याची. त्याला म्हटलं, आय७ घे, पण आधी छताचं बघ.