ब्लूजे: दोन सत्रं शिकवून झाल्यावर

पहिल्या वर्षाला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकवताना माझी गाडी दरवेळी एकाच ठिकाणी अडायची. क्लास (साचा) म्हणजे काय, ऑब्जेक्ट (त्या साच्यातून बनलेली वस्तू) म्हणजे काय, याच्या व्याख्या मुलांच्या तोंडपाठ असायच्या. पण "हा प्रोग्राम आत्ता या ओळीवर आहे, तर किती ऑब्जेक्ट तयार झाले आहेत?" असं विचारलं की सगळा वर्ग गप्प. मी फळ्यावर चौकोन काढायचे, बाण काढायचे. तो चौकोन क्लासचा की ऑब्जेक्टचा, हे मात्र मुलांनी माझ्या बोलण्यावरून ताडायचं. म्हणून गेली दोन सत्रं जावा या भाषेचा पहिला पेपर ब्लूजे या प्रोग्राम लिहून चालवायच्या सॉफ्टवेअरवर शिकवला.

ब्लूजे मोफत आहे, मुक्त स्रोत आहे आणि नवशिक्यांसाठीच बनवलेलं आहे. मायकेल कोलिंग आणि जॉन रोझेनबर्ग यांनी १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियात 'ब्लू' नावाची भाषा आणि तिच्यासाठीचं सॉफ्टवेअर केलं होतं. तीच कल्पना जावासाठी १९९९मध्ये ब्लूजे म्हणून आली.

पहिल्या तासाला मी 'टाकी' नावाचा क्लास तयार ठेवते. क्षमता आणि पातळी ही दोन फील्ड (ऑब्जेक्टने साठवलेली माहिती), भर आणि सोड या दोन मेथड (त्याला करता येणाऱ्या क्रिया). प्रोग्राम जिथून सुरू होतो ती मेन मेथड नाहीच. पडद्यावर टाकीचा एक चौकोन दिसतो. त्यावर राइट क्लिक करून ऑब्जेक्ट तयार करणारा कन्स्ट्रक्टर निवडायचा, क्षमता ५०० द्यायची, की खालच्या ऑब्जेक्ट बेंचवर, म्हणजे तयार ऑब्जेक्ट ठेवायच्या पट्टीवर, लाल रंगाचा ऑब्जेक्ट येऊन बसतो. पुन्हा तेच केलं की दुसरा. वर चौकोन एक, खाली टाक्या दोन. पहिलीवर राइट क्लिक करून भर मेथड चालवायची, २०० द्यायचे आणि दोन्ही टाक्या इन्स्पेक्ट करून, म्हणजे आतली फील्ड उघडून बघायच्या. एकीत पातळी २००, दुसरीत ०. जी गोष्ट मी अर्धा अर्धा तास घसा कोरडा करून सांगायचे, ती मुलं इथे स्वतःच्या हाताने करून बघतात. पहिल्याच आठवड्यात "प्रत्येक ऑब्जेक्टची स्वतःची पातळी" हे वाक्य मुलांकडून आलं, तेव्हा मला खरंच भरून आलं.

रेफरन्सचंही, म्हणजे दुसऱ्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवणाऱ्या फील्डचंही, तसंच. 'पंप' क्लासमध्ये टाकीचं फील्ड ठेवलं आणि दोन पंपांना बेंचवरची एकच टाकी दिली. इन्स्पेक्टरमध्ये त्या फील्डच्या जागी आकडा न दिसता बाण दिसतो. एका पंपाने पाणी भरलं, दुसऱ्या पंपाच्या बाणावर डबल क्लिक करून आत डोकावलं, तर पातळी वाढलेली. "म्हणजे टाकीची कॉपी झालीच नाही!" हे मागच्या बाकावरून आलं. मग कोड पॅड, म्हणजे एकेक ओळ लिहून लगेच चालवायची खिडकी, उघडून दोन टाक्यांमध्ये दोन बरोबरची चिन्हं टाकून तुलना करायची, ट्रू की फॉल्स ते बघायचं. (कोड पॅड सुरुवातीला दिसत नाही, व्ह्यू मेनूतून चालू करावा लागतो. पहिल्या सत्रात तीन आठवडे मला त्याचा पत्ताच नव्हता.)

आता खटकलेल्या गोष्टी. क्लासमध्ये एक ओळ बदलून कंपाइल केलं (कोडचं चालवता येईल असं रूपांतर केलं) की बेंच रिकामा होतो. कारण योग्यच आहे, जुने ऑब्जेक्ट जुन्या क्लासचे होते. पण पाच ऑब्जेक्ट जुळवून बसलेल्या मुलाला ते पटवताना तास जातो. यावर उपाय म्हणजे बेंचवर केलेल्या क्रिया जेयुनिट या चाचण्यांच्या साधनातल्या चाचणीत रेकॉर्ड करायच्या. ही सोय आत आहेच आणि ती मी फार उशिरा शिकवली. मेथडला स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, द्यायची असेल तर खिडकीत अवतरणचिन्हं टाकावी लागतात. ती विसरून सगळेच एकदा तरी अडकतात. आणि क्लास पंधराच्या वर गेले की चौकोनांना जोडणाऱ्या बाणांचा गुंता होतो.

पण सगळ्यात मोठी अडचण सॉफ्टवेअरची नाही, माझ्या नियोजनाची होती. दहा आठवडे मुलांनी राइट क्लिकने मेथड चालवल्या. मग मी मेन आणलं, तर त्यांना कळेना की पहिली मेथड बोलावतं कोण. त्यांनी टाकीच्याच फाइलमध्ये मेन लिहून त्यातून थेट भर बोलावली. कंपायलर म्हणाला, नॉन-स्टॅटिक मेथड स्टॅटिक ठिकाणाहून वापरता येत नाही. झालं, दिसेल तिथे स्टॅटिक लावत सुटले. एक विद्यार्थिनी घाबरून मला बोलवायला आली, "मॅडम, माझ्या टाकीतली पातळीच गायब झाली." इन्स्पेक्टरमध्ये फक्त क्षमता उरली होती. मी तिला त्याच खिडकीतलं स्टॅटिक फील्ड दाखवणारं बटण दाबायला सांगितलं. पातळी तिथे सापडली. मग तिने दोन टाक्या केल्या, एकीत २०० भरले आणि दुसरीवरचं तेच बटण दाबून बघितलं. तिथेही २००. थोडा वेळ ती पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ही टाकीची पातळी राहिलीच नाही, सगळ्यांची मिळून एकच झाली." स्टॅटिकचं इतकं स्वच्छ स्पष्टीकरण मला स्वतःला कधी सुचलं नव्हतं.

सप्टेंबर २०२५मध्ये आलेल्या जावा २५मध्ये मेन नुसतं व्हॉइड मेन असं लिहिता येतं. पब्लिक, स्टॅटिक, स्ट्रिंगचा अ‍ॅरे, काही लागत नाही. त्यामुळे "मेनच्या कटकटीतून सुटका" हे ब्लूजे वापरायचं कारण आता तितकंसं राहिलेलं नाही. माझ्यासाठी बेंच आणि इन्स्पेक्टर हेच कारण पुरेसं आहे. ज्यांना फक्त लूप आणि फंक्शन शिकवायची आहेत, त्यांनी मात्र यासाठी वेळ घालवू नये.

पुढच्या सत्रात मेन पाचव्या आठवड्यात आणते आहे, वेगळ्या क्लासमध्ये. त्यात तेच करायचं जे मुलं बेंचवर हाताने करत होती: दोन टाक्या, एक पंप, २०० लिटर. नव्या आणि मोठ्या एडिटरवर अकराव्या आठवड्यात जायचं. तिकडे बेंच नसेल, तेव्हा डीबगरने प्रोग्राम मध्येच थांबवून मी त्यांना पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहे: आत्ता किती ऑब्जेक्ट आहेत?