अमेरिकेतल्या मामाला मामा बनवलं

आकडा आधीच सांगून टाकतो, नाहीतर लिहिता लिहिता लाजेने गाळेन. भाच्याला अमेरिकेतल्या शाळेत प्रवेश देतो म्हणून एका सल्लागाराने माझे ७,८५० डॉलर आणि ताईचे ६ लाख ७० हजार रुपये लुबाडले. यातला एक पैसाही परत आलेला नाही. आणि मी काही कालपरवा विमानातून उतरलेला नाही. २००६ साली स्वतः एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलो, तेव्हापासून इथेच आहे. न्यू जर्सीत एडिसनमध्ये घर आहे. नात्यातल्या निम्म्या पोरांचे फॉर्म मीच तपासून दिलेत.

भाचा २०२४ मध्ये सांगलीत नववीत. त्याला हायस्कूललाच इकडे पाठवायचं, हे भावोजींच्या डोक्यात दोन वर्षांपासून. मी म्हटलं, माझ्याकडे राहील, समोरच्या पब्लिक स्कूलमध्ये जाईल, नाहीतरी प्रॉपर्टी टॅक्स भरतोच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडळाच्या गणपतीत हा गृहस्थ भेटला. चाळिशीचा, ढोलपथकात, बोलणं अगदी सदाशिव पेठी. धंदा: शाळा-कॉलेजच्या अ‍ॅडमिशनचा सल्लागार.

"दादा, पब्लिक स्कूलचा विचार सोडा," तो प्रसादाच्या रांगेत म्हणाला. "आठवीपर्यंत त्यासाठी एफ-१ मिळतच नाही. हायस्कूलला मिळतो तो जास्तीत जास्त बारा महिने, आणि शाळेचा पूर्ण खर्च आपण भरायचा. प्रायव्हेटला ती अट नाही."

घरी येऊन तपासलं. शब्दन् शब्द खरं. १९९६ च्या कायद्यापासून असंच आहे आणि एवढी वर्षं इथे राहून मला ते माहीत नव्हतं. मी खरा फसलो तो इथे. पहिली गोष्ट खरी निघाली म्हणून पुढच्या तपासायचं सोडून दिलं.

त्याने पेनसिल्व्हेनियातली एक बोर्डिंग स्कूल सुचवली. शाळा खरी आहे, एफ-१ विद्यार्थी घेण्याची परवानगी असलेल्या शाळांच्या सरकारी यादीतही आहे. ती यादी मी पाहिली होती, उगाच 'काहीच बघितलं नाही' असं कुणी म्हणू नये. वर्षाची फी ६६,००० डॉलर. त्यात ४५,००० ची मदत शाळेकडून मिळवून देतो म्हणाला. उरलेले २१,००० ताई-भावोजी आणि मी मिळून भरणार होतो. परदेशी मुलांना एवढी मदत देणाऱ्या शाळा मोजक्याच आणि तिथे रांग मोठी, हे आता कळतंय.

ऑक्टोबरमध्ये त्याची फी ४,५०० डॉलर, झेल या बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सोयीने, दोन हप्त्यांत: २,५०० आणि २,०००. एसएसएटी ही प्रवेश परीक्षा? "माफ करून घेतली." इंटरव्ह्यू? "डायरेक्टर ओळखीची आहे, गरज नाही." अहो, या शाळा मुलाशी बोलल्याशिवाय, बऱ्याचदा आईबापांशीही बोलल्याशिवाय घेत नाहीत. माझ्या भाच्याशी शाळेतलं एकही माणूस कधी एक वाक्य बोललं नाही. आणि आम्ही खूश, कारण पोराचं इंग्रजी बोलताना अडखळतं आणि ती धाकधूक टळली.

१९ फेब्रुवारीला प्रवेशाचं पत्र आलं. बहुतेक बोर्डिंग शाळांचे निकाल १० मार्चच्या सुमाराला लागतात. आमचं तीन आठवडे आधी. ताईने पेढे वाटले.

मग सीट डिपॉझिट, ७,७५० डॉलर. तो ताईला म्हणाला, "डॉलर पाठवायचे तर बँकेत फॉर्म भरा, टीसीएस हा कर कापून घ्या, कशाला? पुण्यात आमच्या पार्टनरचं करंट अकाउंट आहे, रुपयांत भरा." ६ लाख ७० हजार. तेव्हा शिक्षणासाठी ७ लाखांपर्यंत टीसीएस लागतच नव्हता, हे भावोजींच्या सीएने नंतर सांगितलं. भावोजी, आधी विचारलं असतं तर? मी हे त्यांना तोंडावर बोललो, त्यावरून महिनाभर आम्ही बोलत नव्हतो. शाळेची फी शाळेच्या खात्यात जाते. दुसऱ्या कुणाच्या खात्यात भरायला सांगितलं की फोन ठेवा.

आता त्या दिवसाबद्दल, ज्याने माझी झोप अजून उडते. ११ मार्च. त्याने आय-२० ची, म्हणजे शाळा व्हिसासाठी देते त्या फॉर्मची, पीडीएफ पाठवली आणि 'आय-२० प्रोसेसिंग व सेव्हिस' म्हणून १,२०० डॉलर मागितले. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ती पीडीएफ उघडली. माझं स्वतःचं आय-२० आठवलं. २००६ मध्ये त्या एका कागदासाठी बाबांनी एफडीच्या पावत्या गोळा केल्या, बँकेतून बॅलन्स सर्टिफिकेट आणलं, सीएची सही घेतली. पहिल्या वर्षाचा पैसा दाखवल्याशिवाय शाळा आय-२० देऊच शकत नाही. बाबा तेव्हा बँकेत तीन खेपा घालून आले होते, भर मे महिन्यात. आणि इथे? ताईकडे कुणी बँकेचं एक स्टेटमेंट मागितलं नव्हतं. ४५,००० ची मदत मंजूर झाली तीही इन्कम टॅक्स रिटर्न न बघता. मला हे सुचलं. खरंच सुचलं, खोटं कशाला सांगू. मी स्वतःशी म्हटलं, 'आता सगळं ऑनलाइन झालंय, पद्धत बदलली असेल.' आणि झेल उघडून १,२०० पाठवले.

सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी, त्याचे मी २००६ मध्ये १०० डॉलर भरले होते, स्वतःच्या हाताने. आता ३५० आहेत. ते सरकारच्या साइटवर आपण स्वतः भरायचे असतात, कुणा दादा-भाऊला द्यायचे नसतात. एवढं माहीत असूनही विचारलं नाही, कारण मी 'अमेरिकेतला मामा'. प्रश्न विचारला तर मला माहीत नाही असं दिसलं असतं. पीडीएफचं म्हणाल तर त्यात माझी चूक नाही: कोविडपासून शाळा आय-२० ईमेलने पाठवतात. पण त्यावर शाळेतल्या अधिकाऱ्याचं नाव असतं. शाळेच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून फोन करायला दोन मिनिटं लागली असती. पत्रात दिलेल्या नंबरवर नव्हे, तिथे त्यांचाच माणूस बसलेला असतो.

वर आरोग्य विम्याचे २,१५० गेले ते वेगळेच.

उघडकीला आणलं ते भावोजींनी, हे कबूल करतो. एप्रिलमध्ये व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म भरताना व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "अरे, सेव्हिस नंबरात एन नंतर दहा आकडे लागतात, आपल्याकडे नऊच आहेत." मी शाळेला फोन लावला. तिथल्या बाईंनी नाव दोनदा विचारलं, जन्मतारीख विचारली, मग म्हणाल्या की असा अर्जच आमच्याकडे नाही. अर्जसुद्धा केला नव्हता हो त्याने! तो कागद मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीच्या खिडकीपर्यंत गेला नाही एवढंच नशीब. खोटा कागद दाखवला तर पोरावर कायमची बंदी येऊ शकते, आणि तिथे 'आम्हीच फसलो' हे आधी सिद्ध करत बसावं लागतं.

मग तक्रारींचं सुरू झालं. माझी बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत, तुमच्या मंजुरीने, आम्ही काय करणार. हेच वाक्य तीन वेगवेगळ्या माणसांनी, मला वाटतं एकाच कागदावरून, वाचून दाखवलं. टाउनशिपचे पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला. बनावट सरकारी फॉर्म हातात धरून उभा होतो मी! दिवाणी? शेवटी एक रिपोर्ट नंबर दिला आणि पुण्यातल्या खात्यासाठी इंडियन पोलिसांकडे जा म्हणाले. फेडरल पोर्टलवर तक्रार केली, आपोआप आलेला एक ईमेल मिळाला, बस.

तिकडे ताई पोलीस ठाण्यात गेली तर म्हणे आरोपी अमेरिकेत, तिकडे तक्रार करा. पुण्यात गेली तर म्हणे फिर्यादी सांगलीचे, तिकडे जा. ६१ वर्षांची बाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पाच वेळा एसटीने गेली. जुलै २०२४ पासून हद्दीबाहेरचा गुन्हाही ठाण्याने झिरो एफआयआर म्हणून नोंदवायचा, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. तिने छापील कागद दाखवला तर हवालदार म्हणाला, "मॅडम, वकील आणा." शेवटी वकील नेला, ८,००० रुपये घेऊन, तेव्हा फसवणुकीचं कलम, न्याय संहितेचं ३१८, लागलं. (४२० म्हणायची सवय आता सोडा.) तोवर पुण्याचं खातं रिकामं झालं होतं. पैसे गेल्याचं कळताच त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आम्ही घरात कुणाची चूक यावर भांडण्यात नऊ दिवस घालवले.

मंडळाच्या कमिटीला सांगितलं. उत्तर आलं: 'हा दोन सभासदांमधला वैयक्तिक व्यवहार आहे.' तो अजून ग्रुपवर आहे, गुढीपाडव्याच्या शुभेच्छा त्याच्याच पहिल्या. मी त्याच्याखाली रक्कम लिहिली तर मलाच काढलं.

भाचा आता सांगलीतच दहावीला बसतोय. मला फोन करतो, त्या विषयावर बोलत नाही. मामाला वाईट वाटेल म्हणून.

२०२४-२५ मध्ये आणखी कुणाला 'सीट डिपॉझिट' पुण्याच्या करंट अकाउंटला रुपयांत भरायला सांगितलं असेल, तर लाजू नका, आपापल्या ठाण्यात तक्रार द्या आणि पावती जपून ठेवा. तपास अधिकारी ताईला म्हणाले, अजून दोन फिर्यादी आले तर बघू.