पॉवर सप्लाय दुरुस्तीला देताय? जुने पार्ट परत मागून घ्या

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि गावभागातलं माझं कारटेपचं दुकान पाण्यात गेलं. ०-३० व्होल्ट, ५ अँपिअरचा जुना पॉवर सप्लाय, म्हणजे लाइनच्या विजेवरून हवा तेवढा डीसी व्होल्टेज देणारा डबा, गाळाने भरला. चांगल्या तांब्याच्या ट्रान्सफॉर्मरचा, म्हणून टाकवला नाही. माळ्यावर ठेवून दिला.

यंदा तो शहरातल्याच एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. बिल १,८०० रुपये: व्होल्टेज सपाट ठेवणारे ४७०० मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर नवे, आउटपुटचा करंट सांभाळणारे दोन २एन३०५५ ट्रान्झिस्टर नवे, आतून पूर्ण धुलाई. "काका, सगळं नवीन टाकलंय, बिनधास्त वापरा." कॅबिनेटला रंग, नॉबही नवे. काटा १२ व्होल्टवर स्थिर. पैसे दिले.

दुकानात गिऱ्हाइकाचा स्टिरिओ जोडून आवाज वाढवला, तर आधी भुणभुण आणि मग धूर. स्टिरिओ गेला. तो मी पदरच्या पैशाने भरून दिला.

कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला असलेल्या मेव्हण्याने सप्लाय उघडला. कंडेन्सर तेच जुने, वरून पुसलेले. बुडाशी पुराचा वाळलेला गाळ तसाच. कंडेन्सर आतून सुकले होते, म्हणून लोड येताच भुणभुण. ट्रान्झिस्टर मात्र खरंच बदलले होते, पण नकली! माझे अस्सल काढून घेतले होते. नकली २एन३०५५ च्या पत्र्याखालची चिप अगदी बारीक असते, मोठा करंट ती सोसत नाही. ती शॉर्ट झाली आणि १२ च्या जागी ४० च्या आसपास व्होल्ट सरळ स्टिरिओत गेले. निदान फ्यूज तरी उडायला हवा होता. त्या जागी तांब्याची तार गुंडाळली होती. याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे, कारण आग लागून माणूस जाऊ शकतो.

कोणाकडेही देताना आधी आतले फोटो काढा, मोठ्या पार्टवर मार्करने खूण करा, जुने पार्ट परत मिळतील असं पावतीवर लिहून घ्या. काटा नुसता पाहून परतू नका. बाइकचा १२ व्होल्ट ३५ वॉटचा बल्ब सोबत न्या, तो तीनेक अँपिअर ओढतो. दहा मिनिटं पेटता ठेवा आणि मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून आउटपुटला लावून बघा, म्हणजे डीसीत उरलेली एसीची लहर कळते. शेकड्यात आकडा आला तर कंडेन्सर बदललेले नाहीत असं धरा. झाकण उघडायचं तर प्लग काढून, थोडं थांबूनच.

दुरुस्तीवाला म्हणतो, "पुरात भिजलेल्या मालाची गॅरंटी नसते." गॅरंटी मी मागतच नाही, बिलात लिहिलेले कंडेन्सर कुठे आहेत, एवढंच विचारतोय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे भागलं नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार.